शेडमधील मत्स्यटाकीची हिवाळ्यातील ऊब

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात शेततळ्यातील मत्स्यपालन आता नवीन राहिलेले नाही. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू झाल्यापासून पत्र्याच्या किंवा शेडनेटच्या शेडमध्ये ताडपत्रीच्या गोल टाक्या उभारून बायोफ्लॉक पद्धतीने मासे वाढविणारे शेतकरीही दिसू लागले आहेत. पावसाळाभर या टाक्यांत मासे चांगले खातात व वाढतात. दिवाळी सरली आणि उत्तरेचा वारा सुरू झाला की टाकलेले खाद्य पाण्यावर तसेच तरंगत राहते, मासे तळ धरतात. त्यात डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली म्हणजे एखाद्या पहाटे टाकीच्या कडेला मेलेले मासे दिसतात, आणि बीज, खाद्य व वीज यांवर केलेला सगळा खर्च त्यांच्याबरोबर जातो. मग शेतकरी विचारतात, टाकीत हीटर सोडावा का, आणि किती वॅटचा?

या प्रश्नाचे उत्तर हीटरपासून सुरू करू नये. टाकीतील ऊब कोठून जाते ते आधी पाहिले, तर बहुतेक ठिकाणी मोठ्या टाकीला हीटरची गरज उरत नाही. जेथे उरते, तेथे तो लहान टाकीला आणि फक्त पिलांसाठी वापरणे परवडते.

शेडमधील पाणी शेततळ्यापेक्षा थंड का?

आपल्या जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत दिवसाचे कमाल तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअस असते, पण थंड रात्री ते १० अंशांच्या खाली येते. थंडीच्या लाटेत काही रात्री ६-७ अंशांचीही नोंद होते. पाणी हवेसारखे झटपट तापत नाही व निवतही नाही, ते दिवस आणि रात्र यांच्या मधल्या तापमानाला स्थिरावते. उघड्या शेततळ्यावर दिवसभर ऊन पडते, त्यामुळे तेथील पाणी थोडे वर राहते, शिवाय तळ्याची खोली माशांना आधार देते. शेडमधील टाकीला मात्र छपरामुळे ऊन मिळत नाही आणि बाष्पीभवन चालूच राहते. म्हणून शेडमधील पाणी हिवाळ्यात १८-२० अंशांवर येते, लाटेत त्याहून खाली जाते. एप्रिल-मे मध्ये ज्या छपराने मासे वाचविले तेच छप्पर हिवाळ्यात नडते. छप्पर आहे म्हणजे मासे उबेत आहेत, हा समज सोडून द्यावा.

माशाचे शरीर आपल्यासारखे स्वतःची ऊब धरीत नाही. पाणी जितके, तितकाच मासा. रोहू, कटला, मृगल २५ ते ३० अंशांत चांगले वाढतात आणि २० अंशांच्या खाली त्यांचे खाणे मंदावते, पण ते सहसा मरत नाहीत. सायप्रिनस त्यांच्याहून काटक आहे. तिलापिया, ज्याला बाजारात चिलापी म्हणतात, १६ अंशांच्या सुमारास खाणे सोडते व ११-१२ अंशांच्या खाली मरू लागते. सर्वांत नाजूक पंगस. २० अंशांखाली तो जवळजवळ खात नाही, आणि पाणी १५ अंशांच्या खाली उतरले की मरतूक सुरू होते. नेमका हाच मासा दाटीत वाढतो व बाजारात खपतो म्हणून शेडमध्ये जास्त ठेवला जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोणी पंगसचे बीज स्वस्तात देऊ लागला तर ते स्वस्त का आहे याचा विचार करावा.

हिशेब एका टाकीचा

उदाहरणासाठी ४ मीटर व्यासाची, १ मीटर पाणी असलेली टाकी घेऊ. तीत सुमारे १२,५०० लिटर पाणी बसते. योगायोगाने तिच्या पाण्याचा पृष्ठभाग, तळ आणि भोवतालची भिंत या तिन्हींचे क्षेत्रफळ प्रत्येकी साडेबारा चौरस मीटरच भरते, त्यामुळे हिशेब सोपा होतो.

१ लिटर पाणी १ अंशाने तापविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि १ युनिट विजेपासून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे ही टाकी फक्त १ अंशाने तापविण्यास साडेचौदा युनिट वीज लागेल. १८ वरून २६ अंशांवर न्यायची तर ११६ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर एका वेळचे ९२८ रुपये झाले. इतके करून ती २६ अंशांवर राहिली असती तरी चालले असते, पण राहत नाही.

१ लिटर पाण्याची वाफ होताना ती पाण्यातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी याच कारणाने गार होते. उघड्या टाकीतून दिवसाला केवळ ३ मिलिमीटर पाणी उडाले, तर ते ३७ लिटर होते आणि त्याबरोबर जवळजवळ २५ युनिटांइतकी ऊब जाते. पाणी तापविले की वाफ आणखी वाढते. पृष्ठभागावरून थंड हवेला दिली जाणारी ऊब साधारण १५ युनिट, ताडपत्रीच्या पातळ भिंतीतून ९, तळातून थोडीफार. पाणी शेडमधील हवेच्या दिवसरात्रीच्या सरासरीहून पाच अंश वर राखायचे धरून केलेला हा अंदाज आहे. वारा, शेडचा आडोसा आणि टाकीचा प्रकार यांप्रमाणे तो बदलेल, पण प्रमाण हेच राहील. एकूण ५० युनिटांपैकी ४० पाण्याच्या वरच्या तोंडातून जातात.

५० युनिट रोज म्हणजे ४०० रुपये, ६० दिवसांचे २४,००० रुपये. या टाकीत २०० किलो मासे आहेत आणि जागेवर किलोला १०० रुपये मिळाले असे धरले तर सगळ्या मालाचे २०,००० रुपये होतात. यापुढे हिशेब करण्याचे कारण नाही.

चुलीवर पाणी तापवून टाकीत ओतण्याचा उपायही याच फुटपट्टीने मोजावा. कढत पाण्याचा २० लिटरचा एक हंडा या टाकीला जेमतेम दशांश अंश वर नेतो, आणि जेथे पडतो तेथील मासे भाजतो.

पाण्यालाही आच्छादन

मी कृषिविद्येचा माणूस आहे. जमिनीतील ओल उडू नये म्हणून उसात पाचट आणि भाजीपाल्यात प्लॅस्टिक अंथरावे असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. मत्स्यटाकीला तोच नियम लागू आहे, फक्त येथे ओलीऐवजी ऊब वाचवायची असते.

पॉलिहाऊससाठी वापरतात तो पारदर्शक २०० मायक्रॉनचा कागद, किंवा हवेचे फुगे असलेला पॅकिंगचा जाड कागद, टाकीच्या मापाने गोल कापावा. फुग्यांचा कागद फुग्यांची बाजू खाली करून पाण्यावर सरळ तरंगत ठेवता येतो. साधा कागद पीव्हीसी पाईपच्या चौकटीवर ताणून टाकीच्या काठावर ठेवावा, म्हणजे तो भिजून पाण्यात बुडत नाही व उचलण्यास सोपा जातो. कडेने वीतभर जागा सगळीकडे मोकळी सोडावी. एअर स्टोनमधून आलेली हवा व माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्यास वाट हवी. दुपारी १२ ते ३ या वेळेत आच्छादन अर्धे उचलून टाकी पाहावी. ऊब वाचविण्यासाठी रात्री ब्लोअर बंद करणे हा मात्र घातक प्रकार आहे. थंडीने मासा कदाचित वाचेल, पण दाट टाकीत हवा बंद झाल्यावर तो तासाभरातही दगावू शकतो. ब्लोअरचे तोंड बाहेरच्या उघड्यावर असेल तर ते शेडच्या आत घ्यावे, इतकेच.

भिंतीला बाहेरून इंचभर जाडीचे थर्माकोल लावल्यास तेथून जाणारी ९ युनिटांची ऊब २ युनिटांपर्यंत येते. ऊस पट्ट्यातील बरेच शेतकरी थर्माकोलऐवजी टाकीभोवती पाचट किंवा भुशाची पोती रचतात. ऊब राखण्यास ती चांगलीच आहेत, पण पाचटात हिवाळ्याला उंदीर येतात, आणि उंदराने ताडपत्री कुरतडली तर एका रात्रीत टाकी रिकामी होते. पोती रचायचीच असतील तर टाकी आणि पोती यांच्यामध्ये पत्रा किंवा बारीक जाळी उभी करावी. जमिनीत अर्धा-पाऊण मीटर खोल बांधलेला सिमेंटचा हौद या बाबतीत उघड्यावर उभ्या ताडपत्री टाकीपेक्षा सरस ठरतो, कारण भोवतालची माती हिवाळ्यातही हवेइतकी थंड होत नाही. नवीन बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वरचे आच्छादन आणि भिंतीचे थर्माकोल मिळून ५० युनिटांची गळती साधारण १५ वर येते.

ऊन आत घ्यावे

उरलेले १५ युनिट सूर्याकडून मिळतात. हिवाळ्यात आपल्याकडे आकाश बहुधा निरभ्र असते आणि एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे साडेचार युनिटांइतके ऊन पडते. टाकीच्या साडेबारा चौरस मीटरवर ते ५५ युनिटांच्या वर जाते. कागद, चौकट आणि शेडची सावली यांतून त्याचा तिसरा हिस्सा पाण्यापर्यंत पोचला तरी १८ युनिट होतात, म्हणजे गळती भरून निघते.

डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. अहिल्यानगरला त्या महिन्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून ४७-४८ अंशांच्याच उंचीवर असतो. म्हणून शेडच्या दक्षिण बाजूचा पडदा सकाळी ९ ला गुंडाळावा व दुपारी साडेचारला न विसरता सोडावा. उत्तर व पूर्व बाजू हिवाळाभर बंद ठेवाव्यात. छपराच्या दक्षिण उतारावरील दर तिसरा पत्रा काढून पारदर्शक फायबरचा पत्रा बसविता आला तर फारच चांगले. शेडनेटच्या शेडवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी पॉलिहाऊसचा कागद ओढावा आणि मार्च उजाडताच काढावा. तो एप्रिलपर्यंत राहिला तर तेच शेड माशांना शिजवील. ऊन आल्यामुळे पाणी थोडे हिरवे होईल, तेवढ्याने घाबरू नये.

जपानमधील नीगाता प्रांतात शोभेच्या कोई माशांचे पालन करणारे शेतकरी अशाच काचगृहवजा शेडवर भिस्त ठेवतात. उन्हाळाभर मासे मातीच्या उघड्या तळ्यांत असतात. शरद ऋतूत तळी उपसून मासे निवडले जातात आणि निवडलेले मासे हिवाळ्यासाठी आतल्या टाक्यांत येतात, कारण बाहेर बर्फ पडतो. सगळ्यांना आत जागा देणे त्यांनाही परवडत नाही.

बोअरच्या पाण्यातील ऊब

जानेवारीच्या पहाटे बोअरचे पाणी हाताला कोमट लागते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. थंडीची लाट आल्यावर द्राक्षबागेला पहाटे विहिरीचे पाणी देण्याची पद्धत याच अनुभवातून आली आहे. जमिनीच्या खोलातील पाणी वर्षभर साधारण त्या भागाच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ राहते, आपल्याकडे ते २५ अंशांच्या आसपास भरते. उघड्या विहिरीच्या वरच्या थरातील पाणी थोडे गार असते. आपल्या बोअरचे तापमान स्वतः थर्मामीटर लावून मोजावे. पाईपमध्ये रात्रभर साचलेले थंड पाणी आधी निघून जाऊ द्यावे, मग नोंद घ्यावी.

वरील टाकीतून दहावा हिस्सा, म्हणजे १,२५० लिटर, १८ अंशांचे पाणी काढून तितकेच २५ अंशांचे बोअरचे पाणी सोडले तर टाकी ०.७ अंशाने वर येते. एवढी ऊब हीटरने द्यायची तर १० युनिट लागले असते. तेच पाणी ६० मीटरवरून उपसण्यास सुमारे अर्धे युनिट पुरते. जेथे शेतीपंपाला अजून रात्रपाळीने वीज मिळते, तेथे तिचा निदान हा एक उपयोग करून घ्यावा.

काढलेले पाणी वाया जात नाही. त्यात माशांची विष्ठा व उरलेले खाद्य असल्याने ते घास, कांदा किंवा फळझाडांना द्यावे. पाथर्डी, पारनेर, जामखेडसारख्या टंचाईच्या भागातही पिकाला द्यायचेच पाणी आधी टाकीतून फिरविले तर जादा उपसा होत नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. बोअरच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. ते एकदम टाकीत न सोडता झाकलेल्या पिंपात एअर स्टोन लावून अर्धा तास हवा द्यावी आणि मग सोडावे. फवाऱ्याने उडवू नये, कारण फवाऱ्यात प्राणवायू मिळतो पण आणलेली ऊब तेथेच उडून जाते. दुसरे पथ्य क्षाराचे. कालव्याखालच्या राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासे भागात अनेक विहिरींचे पाणी खारे आहे. पाण्याचा सामू व क्षार तपासल्याशिवाय ते टाकीत घेऊ नये. तपासणीची सोय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आहे, बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रांतही चौकशी करावी. बायोफ्लॉकच्या टाकीत रोज दहावा हिस्सा पाणी बदलले तर फ्लॉक पातळ होतो, म्हणून तेथे हा उपाय लाटेच्या तीन-चार रात्रींपुरताच करावा.

अमेरिकेत आयडाहो राज्यात स्नेक नदीच्या खोऱ्यात जमिनीतून निघणाऱ्या गरम पाण्यावर कडक हिवाळ्याच्या मुलखात कॅटफिश आणि तिलापिया वाढविले जातात. तेथील पाणी आपल्या बोअरपेक्षा बरेच गरम असते, पण युक्ती तीच आहे.

हीटर कोठे परवडतो

शेतात सगळ्या कांद्यावर कोणी छप्पर घालीत नाही, जपतात ती रोपे. कोंबड्यांतही ब्रूडरची ऊब पहिल्या काही आठवड्यांच्या पिलांनाच दिली जाते. मत्स्यपालनात हाच हिशेब धरावा. विक्रीचे मासे नोव्हेंबरअखेर काढून बाजारात पाठवावेत आणि मोठी टाकी हिवाळ्यात रिकामी तरी ठेवावी, नाहीतर रोहू, कटला, सायप्रिनस अशा सोशिक जातींना द्यावी. त्याच वेळी १,००० लिटरच्या एका टाकीत तिलापिया किंवा पंगसची पिले उबेत सांभाळावीत. फेब्रुवारीअखेर थंडी ओसरली की बोटुकली तयार असते आणि मोठ्या टाकीत सोडता येते. मार्चमध्ये बाहेरून लहान बीज आणून सोडणाऱ्यापेक्षा असा शेतकरी महिना-दीड महिना पुढे असतो. पुढचा हिवाळा येण्याआधी मासे विक्रीला येतात, हा खरा फायदा. तिलापिया पालनासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, ती आधी घ्यावी.

१,००० लिटर पाणी १ अंशाने तापविण्यास १.१६ युनिट लागतात. टाकी सर्व बाजूंनी थर्माकोलने मढविलेली, खाली थर्माकोल आणि वर झाकण असेल, तर तिची रोजची गळती दोन युनिटांच्या आसपास राहते. दिवसाला १६ रुपयांत हजारभर पिले जगतात. तिला ५०० वॅटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो. तो पाणी तासाला ०.४ अंशाने वर नेतो. याहून मोठा हीटर घेऊ नये. थर्मोस्टॅट अडकला तर ५०० वॅटचा हीटर सकाळपर्यंत चार अंश चढवील आणि पिले बहुधा वाचतील, २,००० वॅटचा मात्र सूप करील. थर्मोस्टॅट २६ अंशांवर ठेवावा. ३० चा हट्ट धरू नये.

पाणी गरम झाले की माशाला प्राणवायू जास्त लागतो, पण पाण्यात तो कमी विरघळतो. अमोनियाही अधिक विषारी होतो. सामू ८ असताना २० अंशांना एकूण अमोनियाचा ३.८ टक्के भाग विषारी स्वरूपात असतो, तो २८ अंशांना साडेसहा टक्के होतो. म्हणून तापविलेल्या टाकीत हवा आणि अमोनियाची तपासणी दोन्ही वाढवावी लागतात.

आता विजेबद्दल. आंघोळीचे पाणी तापविण्याचा उघडा रॉड मत्स्यटाकीत सोडणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. बायोफ्लॉकच्या पाण्यात मीठ टाकलेले असते, त्यातून विजेचा धक्का अधिक जोराने बसतो, आणि टाकीत हात घालणारे बहुतेक वेळा घरचेच असतात. काच किंवा टायटॅनियमच्या आवरणाचा, मत्स्यटाकीसाठीच बनविलेला हीटर घ्यावा. त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि हात घालण्यापूर्वी बटन नव्हे तर पिन काढावी. बहुतेक साध्या रॉडना तांब्याचे आवरण असते आणि तांबे पाण्यात उतरले तर पिलांना घातक ठरते. हीटर ताडपत्रीला टेकू देऊ नये, ती वितळते. पाण्याची पातळी उतरून हीटर उघडा पडणार नाही असे त्याचे स्थान असावे.

वीजच नाही अशा ठिकाणी घरचा बंब कामी येतो. बंबातील गरम पाणी प्लॅस्टिकच्या पाईपच्या वेटोळ्यातून टाकीत फिरवून परत बंबात आणावे, टाकीच्या पाण्यात मिसळू नये. १ किलो वाळल्या लाकडातून बंबात हजार-बाराशे किलोकॅलरी पदरात पडतात, म्हणजे १,००० लिटरला एक अंशासाठी साधारण किलोभर लाकूड. चार-पाच जनावरांच्या शेणावरील दोन घनमीटरचा गोबरगॅस रोज ६,००० किलोकॅलरीपर्यंत ऊब पाण्यात उतरवू शकतो, लहान टाकीला ती पुरून उरते. बंब किंवा शेगडी शेडच्या बाहेर ठेवावी. पडदे सोडलेल्या शेडमध्ये शेगडी पेटवून राखणीला झोपणाऱ्याला धुरातील विषारी वायूने सकाळ दिसत नाही. त्या वायूला वास नसतो.

खाद्य आणि थंडी लागलेले मासे

हिवाळ्यात खाद्य घड्याळाऐवजी थर्मामीटर पाहून द्यावे. पाणी २० अंशांच्या खाली गेले की नेहमीच्या निम्मे, १८ च्या खाली पाव आणि १६ च्या खाली अजिबात नाही. वेळ दुपारी २ ते ३ ची धरावी, तेव्हा पाणी दिवसातील सर्वांत उबदार असते. सकाळी ७ ला टाकलेले खाद्य तळाशी कुजते, आणि अमोनिया खाणारे जिवाणूही थंडीने मंदावलेले असतात. पहाटे ६ ला व दुपारी ३ ला, तळाजवळचे तापमान वहीत लिहावे. विद्यापीठाच्या कृषी हवामान सल्ल्यात किमान तापमान उतरण्याची सूचना आली, की त्याच संध्याकाळी खाद्य बंद करून आच्छादन तपासावे.

एवढे करूनही मासे सुस्त होऊन आडवे पडू लागले, तर सर्वप्रथम जाळे टाकण्याचा मोह आवरावा. थंडीने अशक्त झालेल्या माशाचे खवले निघाले की त्या जखमेवर कापसासारखी बुरशी चढते आणि लाट ओसरल्यावर आठवड्याभराने मरतूक दिसते. खाद्य नाही, औषध नाही, ब्लोअर चालू, आच्छादन पूर्ण, आणि हवा दिलेले बोअरचे पाणी थोडे थोडे. तापमान तासाला एका अंशाहून आणि दिवसात तीन-चार अंशांहून जास्त चढवू नये. मेलेले मासे हातजाळीने अलगद काढून खड्ड्यात पुरावेत. पाणी २० अंशांवर दोन दिवस टिकले की दुपारी मूठभर खाद्य टाकून पाहावे. पंधरा मिनिटांत संपले तर दुसऱ्या दिवशी थोडे वाढवावे, नाहीतर आणखी दोन दिवस थांबावे.